विरघळण्यासाठीच घडवलेली शिल्पे

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांत वर्षभरात जेवढी शिल्पे घडतात, त्यांतली बहुतेक टिकवण्याच्या हेतूने घडवलेलीच नसतात. हरतालिकेची वाळूची पिंड, दुसऱ्या दिवशी येणारा मातीचा गणपती, दिवाळीतला अंगणातला किल्ला आणि गुढीपाडव्याला रस्ताभर पसरलेली रांगोळी या सगळ्यांचे आयुष्य काही तासांपासून फार तर काही आठवड्यांपर्यंतचे असते. घडवणाऱ्याला हे पहिल्यापासून ठाऊक असते. कोणता पदार्थ घ्यायचा, तो किती जाड ठेवायचा, त्यावर कोणता रंग लावायचा हे सगळे त्या अंताच्या हिशेबानेच ठरत आलेले आहे. नाशवंतपणा हा अशा कलेतला दोष नसून तिच्या बांधणीचा भाग असतो, आणि तो साधायला इतर कोणत्याही गुणाइतकेच कौशल्य लागते.

अशा सगळ्या वस्तूंना हल्ली ‘जैवविघटनशील’ किंवा ‘पर्यावरणपूरक’ असा एकच शिक्का मारला जातो. वस्तू नाहीशी होण्याच्या रीती मात्र एकाहून अधिक आहेत. न भाजलेली माती पाण्यात फुटते आणि तिचे कण सुटे होतात. ती कुजत नाही आणि खऱ्या अर्थाने विरघळतही नाही. मीठ किंवा तुरटी विरघळते, म्हणजे त्यांचे आयन पाण्यात मिसळून जातात. कागद, शेण, फुले, पाने ही कुजतात, म्हणजे जिवाणू त्यांना खाऊन त्यांचे साध्या घटकांत रूपांतर करतात. नेमका जैव म्हणावा असा प्रकार हा तिसराच. यातली कोणती रीत कोणत्या पाण्याला सोसते, हा प्रश्न शिक्का मारण्यापेक्षा बराच अवघड आहे.

घरगुती गणपतीची परंपरागत मूर्ती ‘पार्थिव’, म्हणजे पृथ्वीची, मातीची. तिची प्राणप्रतिष्ठा होते, ठरलेले दिवस पूजा होते आणि मग उत्तरपूजा. उत्तरपूजेनंतर मूर्ती जागेवरून किंचित हलवतात. त्या क्षणानंतर ती देव राहत नाही, मातीची आकृती राहते, असे शास्त्र मानते. धार्मिक अर्थाने मूर्तीचे काम तिथेच संपलेले असते आणि पाण्यापर्यंतचा प्रवास हा उरलेल्या मातीचा असतो. अनेक घरांत विसर्जनाहून परतताना पाटावर नदीकाठची थोडी वाळू किंवा माती आणून तिची आरती करतात. दीड, पाच, सात, दहा किंवा अकरा दिवस हा मुक्काम घराण्याच्या रिवाजाप्रमाणे ठरतो. अनंत चतुर्दशीपर्यंतचा सार्वजनिक उत्सव हा त्याच चौकटीचा मोठा आकार आहे. कल्याणच्या सुभेदार वाड्यातला उत्सव १८९५ पासून चालत आलेला आहे.

या मूर्तीसाठी वापरली जाणारी शाडूची माती राखाडी-पांढरट आणि अतिशय बारीक कणांची असते. ती मुख्यतः गुजरातेतून, भावनगरच्या बाजूने येते. ओली असताना ती हवी तशी वळते, वाळल्यावर फिकट होते आणि तिच्यावर रंग उठून दिसतो. पेणला, आणि ठाणे-कल्याणमधल्या जुन्या गणपतीच्या कारखान्यांतही, शाडूचे काम साच्यानेच चालते. मळलेली माती पोळीसारखी लाटून साच्याच्या दोन अर्ध्या भागांत अंगठ्याने दाबून बसवायची, दोन्ही भाग जोडायचे, सांधे ओल्या मातीने बुजवायचे आणि हात, सोंड, कान मागाहून लावायचे. गंमत अशी की शाडूच्या मूर्तीचे साचे बऱ्याचदा प्लास्टर ऑफ पॅरिसचेच असतात, कारण प्लास्टर मातीतले पाणी शोषून घेते आणि मूर्ती साच्यातून सहज सुटते. कारागिराचे प्लास्टरशी मुळात वैर नाही, हे यावरून लक्षात यावे.

श्रावणातल्या दमट हवेत शाडूची मूर्ती वाळायला कित्येक दिवस घेते. घाई करून उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवली तर बाहेरचा थर आधी आक्रसतो, आतला ओलाच राहतो आणि तडा जातो. जाड भाग पोकळ ठेवावे लागतात. वाळल्यावर खरकागदाने घासणे, अस्तर, रंग आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. आखणीचे काम कारखान्यातल्या सगळ्यांत मुरलेल्या हाताकडे असते. कोकणी रिवाजाप्रमाणे घरचा पाट आधीच कारखान्यात नेऊन देतात, पाटामागे खडूने आडनाव लिहिलेले असते आणि मूर्ती त्याच पाटावर बसून घरी येते. वर्षानुवर्षे टिकते ती वस्तू म्हणजे हा लाकडी पाट. मूर्ती दरवर्षी नवी, पण ‘आमच्याकडे सिंहासनावरचाच असतो’, ‘आमचा उजव्या सोंडेचा’ अशा मागणीमुळे तिचा आकार मात्र पिढ्या ओलांडतो. तो कारागिराच्या साच्यात आणि घरच्यांच्या आठवणीत जपला जातो.

शाडूची मूर्ती पाण्यात का फुटते याचे उत्तर कणांच्या आकारात आहे. चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनहून लहान, चपट्या पापुद्र्यांसारखे असतात. पाणी उडून गेल्यावर ते एकमेकांना चिकटून राहतात, पण त्यांच्यात पक्का रासायनिक बंध नसतो. कोरडी मूर्ती पाण्यात ठेवली की पाणी बारीक छिद्रांतून आत ओढले जाते, आत कोंडलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि कण एकमेकांपासून सुटतात. बादलीत ठेवलेल्या लहान मूर्तीचे कान आणि बोटे आधी जातात, मग सांधे उकलतात, आणि काही तासांत तळाशी गाळ साचतो. हाच गाळ चाळून, मळून पुन्हा वापरता येतो.

तीच माती भट्टीत साधारण सहाशे अंश सेल्सिअसच्या वर भाजली तर तिच्या स्फटिकांत अडकलेले पाणीही निघून जाते आणि ती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. खापरे हजारो वर्षे टिकतात ती याचमुळे. पुरातत्त्वाचा निम्मा संसार त्यांच्यावर चालतो. न भाजलेल्या मातीची कलाकृती मात्र सहसा मागे राहत नाही. म्हणूनच पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात सापडलेली वस्तू विलक्षण ठरते. ताम्रपाषाणयुगीन घराच्या जमिनीखाली पुरलेली कच्च्या मातीची पेटी, तिच्यात शीर नसलेली स्त्रीमूर्ती, आणि सोबत शीर असलेली दुसरी स्त्रीमूर्ती व एक बैल. सगळे न भाजलेले, इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकातले. ते पाण्यात सोडण्याऐवजी पुरले गेले म्हणून वाचले. अशा किती मूर्ती त्या काळी घडून नदीत गेल्या असतील, याचा अंदाज बांधायला कोणताही पुरावा उरलेला नाही. नाशवंत कलेच्या इतिहासात ही अडचण कायमची आहे. अभ्यासकाच्या हाती लागतात त्या अपघाताने राहून गेलेल्या वस्तू.

प्लास्टर ऑफ पॅरिस हे जिप्सम या खनिजापासून होते आणि भारतातले जिप्सम बहुतांशी राजस्थानातून येते. जिप्सम सुमारे दीडशे अंशांपर्यंत तापवले की त्यातले तीनचतुर्थांश पाणी निघून जाते आणि पांढरी भुकटी उरते. भुकटीत पुन्हा पाणी घातले की ती काही मिनिटांतच घट्ट होते, कारण सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात. महाराष्ट्राच्या कलेत हा पदार्थ प्रतिष्ठेच्या वाटेने आला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी युरोपीय पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींवरून शिकत, आणि गणपतराव म्हात्रे यांची १८९६ च्या सुमाराची ‘मंदिरपथगामिनी’ प्लास्टरचीच आहे. एका तरुण विद्यार्थ्याने केलेले ते शिल्प आजही आधुनिक भारतीय शिल्पकलेच्या आरंभीचे काम म्हणून दाखवले जाते.

गणपतीच्या कारखान्यात प्लास्टरचे फायदे उघड होते. मूर्ती अर्ध्या तासात साच्यातून निघते, शाडूपेक्षा हलकी असते, काथ्याचा आधार दिला की वीस फुटांपर्यंतही जाते, टेम्पोत एकावर एक रचली तरी मोडत नाही. परदेशातल्या मराठी कुटुंबांसाठी पेणहून मूर्ती जहाजाने कित्येक महिने आधी निघतात, तेही प्लास्टरमुळे सोपे झाले. रबरी साच्यांमुळे दागिन्यांची नक्षी, शेल्याच्या चुण्या जशाच्या तशा उतरू लागल्या. शाडूच्या कारागिराला वर्षाचे सात-आठ महिने जे काम पुरे, ते प्लास्टरमध्ये बारमाही धंदा झाले. मूर्तिकारांच्या संघटना प्लास्टरवरच्या बंदीला विरोध करतात त्यामागे भक्तीपेक्षा हा हिशेब आहे, आणि तो खोटा नाही. शाडू महाग पडते, वाळवायला जागा लागते, आणि डोंबिवलीसारख्या शहरात जागा हाच सगळ्यांत महाग कच्चा माल आहे.

अडचण विसर्जनाला उभी राहते. जिप्सम पाण्यात विरघळते, पण लिटरला फार तर अडीच ग्रॅमपर्यंत. पाच किलोची मूर्ती पूर्ण विरघळायला दोन हजार लिटरहून अधिक ताजे पाणी हवे, आणि तेही हलते. तळ्यातले पाणी मूर्तीभोवती लवकरच संपृक्त होते. शिवाय ऑइल पेंटचा थर पाण्याला आत शिरूच देत नाही. म्हणून ठाण्याच्या किंवा कल्याणच्या खाडीत ओहोटी लागली की चिखलात अर्धवट मूर्ती दिसतात, रंग उडालेल्या पण चेहरा ओळखू येईल अशा. विसर्जनाचा विधी ज्या गोष्टीवर उभा आहे तीच इथे घडत नाही: शिल्पाचे ठरलेले आयुष्य संपते आणि शिल्प उरते. पुढचा त्रास रसायनशास्त्राचा आहे. विरघळलेले सल्फेट तळाच्या प्राणवायू नसलेल्या गाळात पोहोचले की तिथले जिवाणू त्यापासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. भडक पिवळ्या, केशरी, लाल रंगांत शिसे, क्रोमियम, कॅडमियम असू शकते. ते गाळात बसते आणि माशांत चढते.

शाडूची बाजूही पूर्ण स्वच्छ नाही. माती निरुपद्रवी असली तरी लहान तलावात दरवर्षी टनावारी पडली तर तळ उथळ होतो आणि पाणी कित्येक दिवस गढूळ राहते. मातीच्या मूर्तीवर चमकणारे फ्लोरोसंट रंग आणि चिकटवलेले हिरे असतील तर तिच्या मातीपणाला फारसा अर्थ राहत नाही. कागदाच्या लगद्याची मूर्ती सर्वांत निर्दोष वाटते, तिचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. सेल्युलोज पूर्ण कुजायला दर किलोला सुमारे १.२ किलो प्राणवायू लागतो. उबदार पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. म्हणजे एक किलो कोरडा लगदा कुजताना दीड लाख लिटर पाण्यातल्या प्राणवायूएवढा वाटा घेऊ शकतो. हवेतून नवा प्राणवायू सतत मिसळत असल्याने प्रत्यक्षात इतके होत नाही. परंतु बंदिस्त तळ्यात एकाच रात्री हजारो मूर्ती आणि हारांचे ढीग पडले तर मासे पोट वर करून तरंगतात ते याच कारणाने. कुजणे पाण्यात वाईट आणि जमिनीवर चांगले, हा भेद लक्षात घेतला की निर्माल्याचे खत करण्यामागचा विचार समजतो. ठाण्यात समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेने निर्माल्य वेगळे जमवून त्याचे खत करण्याचे काम बरीच वर्षे केले आहे.

ठाणे हे तलावांचे शहर. मासुंदा म्हणजे तलावपाळी, उपवन, रायलादेवी, आंबे-घोसाळे, कचराळी अशी साचलेल्या पाण्याची तळी वस्तीच्या अगदी मध्यात आहेत, आणि पूर्वी प्रत्येक आळीचे विसर्जन जवळच्या तळ्यात होई. त्यामुळेच तलावाच्या काठाशी किंवा शेजारी कृत्रिम हौद करून त्यात विसर्जन करण्याची पद्धत ठाण्यात लवकर रुजली. कल्याणला दुर्गाडीजवळचा गणेश घाट आणि गांधारी, डोंबिवलीत मोठागाव-रेतीबंदर ही खाडी-नदीची ठिकाणे. तिथे भरती-ओहोटीचे पाणी असल्याने तलावांइतकी कोंडी होत नाही, पण मूर्ती परत येण्याचा धोका तिथेच जास्त.

नियमांची गाडी सावकाश पुढे गेली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये मूर्तिविसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मे २०२० मध्ये ती सुधारून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. करोनाच्या त्या वर्षी अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी काटेकोर पाळण्यास सांगितले, जूनमध्ये मूर्ती घडवण्यास व विकण्यास मुभा दिली पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही, आणि जुलैत सहा फुटांपर्यंतच्या प्लास्टरच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करण्याचे बंधन घातले. त्याहून उंच मूर्तींना मार्च २०२६ पर्यंत नैसर्गिक पाण्याची वाट उघडी ठेवली. कलेच्या आयुष्याचा अंत न्यायालयाने फुटांत मोजून ठरवावा, असा प्रसंग कलेच्या इतिहासात फारसा आलेला नसावा.

प्लास्टरच्या मूर्तीचा घरच्या घरी निकाल लावण्याची एक रीत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवली. बेकरीत वापरले जाणारे अमोनियम बायकार्बोनेट मूर्तीच्या वजनाइतके पाण्यात घालून मूर्ती त्यात बुडवून ठेवायची आणि मधूनमधून ढवळायचे. साधारण दोन दिवसांत जिप्समचे खडूच्या जातीच्या कॅल्शियम कार्बोनेटमध्ये आणि पाण्यात विरघळणाऱ्या अमोनियम सल्फेटमध्ये रूपांतर होते. हे सल्फेटचे पाणी पातळ करून झाडांना खत म्हणून घालता येते. शाडूच्या बाबतीत पुण्याच्याच ‘इकोएक्झिस्ट’ संस्थेने ‘पुनरावर्तन’ या मोहिमेतून वेगळी वाट दाखवली: घरी बादलीत विसर्जन करून वाळवलेला गाळ गोळा करायचा आणि तो मूर्तिकाराला परत द्यायचा. अडचण एकच, परत येणाऱ्या मातीत मणी, दोरे आणि प्लास्टिकचे दागिने असतील तर चाळताना कारागिराची दमछाक होते.

उंचीच्या हौसेला प्लास्टरशिवाय उत्तर नाही, असे महाराष्ट्रात गृहीत धरले जाते. बंगालात असे उत्तर शेकडो वर्षे आहे. कोलकात्याच्या कुमारटुलीत दुर्गेची मूर्ती बांबूच्या चौकटीवर पेंढा बांधून, त्यावर मातीचे थर चढवून करतात. मूर्ती उंच होते, वजन मर्यादेत राहते आणि विसर्जनानंतर माती सुटून चौकट तरंगत वर येते, ती काढून घेता येते. कोलकात्याची दुर्गापूजा २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. वारसा म्हणून नोंद झाली ती उत्सवाची आणि त्यामागच्या कारागिरीची. त्यातली एकही मूर्ती जपायची नाही हे त्यात गृहीतच आहे.

दिवाळीतला किल्ला हे मराठी मुलांचे पहिले शिल्पकाम. विटा, दगड, डबे यांचा ढीग रचायचा, गोणपाट चिखलात बुडवून त्यावर पसरायचे, ओले असतानाच बोटांनी पायऱ्या, बुरूज, चोरवाटा काढायच्या. वर अळीव किंवा मोहरी पेरली की चार-पाच दिवसांत हिरवळ उगवते, म्हणजे सजावटीचा एक भाग शब्दशः जिवंत असतो आणि किल्ल्याचे सर्वांत देखणे रूप बांधल्यानंतर काही दिवसांनी येते. डोंबिवली आणि ठाण्याच्या गृहसंकुलांत, जिथे अंगण उरलेले नाही, तिथे पार्किंगच्या कोपऱ्यात मागवलेल्या मातीवर ही कला तग धरून आहे. सिंहासनावरचे महाराज आणि मावळे तेवढे कागदात गुंडाळून पुढच्या वर्षासाठी माळ्यावर जातात, आणि किल्ला तुळशीच्या लग्नाच्या सुमारास मोडतात. रायगड की प्रतापगड हा वाद दर वर्षी नव्याने होतो, हाच त्यातला आनंद.

रांगोळीत उंची नाही, तरी नाशवंत कलेच्या चर्चेतून ती वगळता येत नाही. महाराष्ट्रात ती शिरगोळ्याच्या दगडाच्या पुडीची. ही पूड कुजत नाही, झाडली जाते. डोंबिवलीत १९९९ मध्ये गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली आणि तिचे अनुकरण ठाण्यासह राज्यभर झाले. यात्रेच्या वाटेवर पहाटेपर्यंत घातलेल्या रांगोळ्यांवरून सकाळी पालखी जाते आणि तासाभरात नक्षीची रंगीत धूळ होते. ठाण्यात गावदेवी मैदानावरची पाडव्याची महारांगोळीही अशीच मोजक्या दिवसांची. व्यक्तिचित्रांच्या रांगोळ्यांची तऱ्हा निराळी: गुणवंत मांजरेकरांसारख्या कलावंतांनी रांगोळीला तैलचित्रासारख्या छटा दिल्या. दिवाळीच्या प्रदर्शनांत शाळेच्या सभागृहात अशी चित्रे दोरीपलीकडून पाहायची, खिडक्या बंद आणि पंखा चालू करायला सक्त मनाई. प्रदर्शन संपले की फरशी केरसुणीने साफ होते.

टिकाऊ शिल्पातही नाशवंत भाग पुष्कळ असतो, फक्त तो प्रेक्षकाला दिसत नाही. कल्याण-डोंबिवलीशी आयुष्यभर जोडलेले शिल्पकार सदाशिव ऊर्फ भाऊ साठे (१९२६–२०२१) यांच्या कामांचे शिल्पालय डोंबिवलीत आहे. मुंबईला गेटवे ऑफ इंडियासमोरचा, २६ जानेवारी १९६१ रोजी अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. असा कांस्य पुतळा मुळात लोखंडी सांगाड्यावर मातीत घडतो. माती वाळून तडकू नये म्हणून तिच्यावर ओली फडकी घालून ठेवावी लागतात. मातीवरून प्लास्टरचा साचा निघतो, तेव्हा मातीचे मूळ काम मोडते. पुढे मेणाची प्रत होते आणि ओतकामाच्या वेळी ते मेण वितळून वाहून जाते. त्या पोकळीत कांसे भरते. शिल्पकाराच्या बोटांचा स्पर्श झालेली वस्तू मातीची, आणि चौकात उभे राहते ते तिचे दोन-तीन रूपांतरांनंतरचे उरलेपण. धातू झाला म्हणून कायमचा झाला, असेही नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्याचे आयुष्य नऊ महिन्यांचेही भरले नाही. समुद्राकाठच्या खाऱ्या वाऱ्यात सांगाडा, जोड आणि देखभाल यांवरच पुतळ्याचे वय ठरते.

पाश्चात्त्य कलेत नाशवंतपणा हा जाणीवपूर्वक निवडलेला विषय झाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. जाँ तँग्ली यांनी १९६० मध्ये न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत स्वतःलाच मोडून टाकणारे यंत्र चालवले. डीटर रोट यांनी चॉकलेट आणि चीजची शिल्पे केली. त्यांना अळ्या लागल्या, आणि संग्रहालयांपुढे पेच उभा राहिला की कीड मारायची की कलावंताच्या इच्छेप्रमाणे किडीला तिचे काम करू द्यायचे. ब्रिटनचे अँडी गोल्ड्सवर्दी पाने, बर्फ, काटे यांतून रचना करतात आणि त्यांचे छायाचित्र तेवढे राहते. गोव्याचे सुबोध केरकर शिंपले, वाळू आणि भरतीचे पाणी घेऊन किनाऱ्यावर काम करतात. जपानच्या इसे येथील देवळाची रीत या सगळ्यांहून जुनी आहे. लाकडी देऊळ दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्याने बांधतात. २०१३ मध्ये बासष्टाव्यांदा बांधले. वीस वर्षांचे अंतर असे की एका सुताराला उमेदवारीत एकदा आणि मुकादम म्हणून पुन्हा एकदा बांधकाम करायला मिळावे. जपले जाते ते लाकूड नव्हे, सुतारकाम.

ब्रिटनचेच रिचर्ड लाँग यांनी १९६७ मध्ये एका माळावर मागेपुढे चालून गवतात सरळ रेघ उमटवली, तिचे छायाचित्र काढले आणि गवत पुन्हा उभे राहू दिले. २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्यांचे जे संयुक्त प्रदर्शन झाले त्यातले दुसरे कलावंत होते जिव्या सोमा मशे, डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार. हा भाग २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. नाशवंत चित्रकलेचा अनुभव लाँग यांच्यापेक्षा वारली घरांना कितीतरी जुना आहे. लग्नघरी कुडाच्या भिंतीवर शेण आणि गेरूचा हात फिरवून सवाशिणी तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढतात, मध्ये पालघाट देवी, भोवती झाडे, माणसे, नाच. बांबूची काडी चावून केलेला कुंचला आणि पीठ एवढेच साहित्य. लग्नविधी चालवणारी धवलेरी गाणी म्हणते, लग्न लागते आणि चौकाचे काम पुरे होते. पुढच्या सारवणात तो झाकला जातो.

सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी वारली स्त्रियांना आणि मग मशे यांना कागद दिला, तेव्हा या चित्रांना पहिल्यांदा आयुष्य मिळाले. चित्र विकता येऊ लागले, त्यावर सही आली आणि स्त्रियांच्या हातातली कला मोठ्या प्रमाणावर पुरुषांकडे गेली. मशे यांची चित्रे १९८९ मध्ये पॅरिसला ‘माजिसियाँ द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात लागली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते गेले. त्यांची शेण किंवा गेरूने सारवलेल्या कागद-कापडावरची चित्रे आता संग्रहांत आहेत, आणि संग्रहपालांना त्यांची वाळवी, बुरशी व दमट हवेपासून राखण करावी लागते. लग्नाचे चौक मात्र डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांवर अजूनही भिंतीवर काढले जातात. सिमेंटच्या भिंतीवर पीठ नीट धरत नाही, म्हणून काही घरांत चौकासाठी एवढी एक भिंत कुडाची ठेवलेली असते, तर काही ठिकाणी पिठाच्या जागी पांढरा पोस्टर कलर आला आहे, आणि तो सारवणाखालून पुसट डोकावत राहतो.